ब्राउझर नुसता उघडा, तरी प्रोसेसर का राबतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मार्च संपत आला की लॅपटॉपच्या पंख्याच्या तक्रारी सुरू होतात. धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट आणि ऊन ही कारणं खरीच आहेत. पण मशीन खोलायला सीताबर्डीच्या बाजारात नेण्याआधी घरीच पाच-दहा मिनिटांची एक तपासणी करून पाहावी. पुष्कळदा दोष पंख्याचा नसतो. ब्राउझरमध्ये कधीतरी टाकलेलं आणि विसरून गेलेलं एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जादा सोय जोडणारा छोटा प्रोग्राम) तुम्ही माउसला हात लावलेला नसतानाही प्रोसेसरला कामाला जुंपत असतं.

काहीच करून नाही राहिलो, तरी पंखा फिरतो. ब्राउझरचाच दोष कशावरून?

आधी ते सिद्ध करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि 'सीपीयू' या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे जास्त खाणारा वर येईल. मशीन नुकतंच सुरू केलं असेल तर दहा मिनिटं थांबा. त्या वेळात विंडोज अपडेट, अँटिव्हायरस आणि फाइलींचं इंडेक्सिंग आपापली कामं उरकत असतात आणि तुमचा निष्कर्ष चुकतो.

मग ब्राउझर पूर्ण बंद करून दोन-तीन मिनिटं आकडा पाहा. पुन्हा उघडा, फक्त एक कोरा टॅब ठेवा आणि तेवढाच वेळ पाहा. धडधाकट मशीनवर दोन्ही वेळा एकूण सीपीयू १ ते ५ टक्क्यांच्या आसपास असतो. कोऱ्या टॅबवरही तो १५-२० वर टिकून राहत असेल तर चोर ब्राउझरच्या घरातच आहे.

एक गफलत टाळा. सीपीयू शांत असून 'डिस्क'चा रकाना १०० टक्क्यांवर असेल तर तो आजार निराळा आहे. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर हे हमखास दिसतं. तिथे एक्स्टेन्शन काढून थोडी रॅम सुटेल, पण खरा इलाज रॅम वाढवणं आणि एसएसडी बसवणं हाच.

प्लगइन म्हणजेच एक्स्टेन्शन ना?

बोलताना कोणीही फरक करत नाही, पण तपासणीसाठी तो लागतो. फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट हे जुने प्लगइन ब्राउझरच्या पोटात चालणारे स्वतंत्र प्रोग्राम होते. क्रोमने त्यांची जुनी यंत्रणा सप्टेंबर २०१५ मध्ये ४५व्या आवृत्तीत काढून टाकली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२व्या आवृत्तीत फ्लॅश सोडून बाकीचे बंद केले. फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो चालणंच थांबलं. त्यामुळे आज एखादी साइट 'फ्लॅश प्लेयर अपडेट करा' म्हणत असेल तर ती तुम्हाला गंडवत आहे. सरळ टॅब बंद करा.

आज रिकामटेकडा खर्च करणारे तीनच उरलेत: एक्स्टेन्शन, उघडी राहिलेली वेबपानं, आणि ब्राउझरशी बोलण्यासाठी विंडोजमध्ये बसवलेले मदतनीस प्रोग्राम (डिजिटल सही, अंगठ्याचं मशीन, डाउनलोड मॅनेजर वगैरे). तिघे तीन वेगळ्या ठिकाणी सापडतात.

टास्क मॅनेजरमध्ये क्रोमच्या वीस ओळी दिसून राहिल्या. कोणती ओळ कोणाची?

विंडोजच्या टास्क मॅनेजरवरून क्रोममधलं कोण हे कळणं कठीण. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर वापरा. क्रोम किंवा एजची खिडकी समोर ठेवून शिफ्ट आणि एस्केप दाबा. ते चाललं नाही तर तीन ठिपके, 'मोअर टूल्स', 'टास्क मॅनेजर' असं जा. प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेन्शनची वेगळी ओळ दिसेल. 'सीपीयू'वर क्लिक करून क्रम लावा आणि निदान दोन मिनिटं नुसतं पाहत बसा. क्षणभर ३० वर जाऊन शून्यावर येणारा आकडा चालतो. चिंता न उतरणाऱ्या आकड्याची करायची, किंवा दर काही सेकंदांनी ठरल्यासारख्या उसळ्या मारणाऱ्याची.

इथे दोन गोष्टींवर लोक अडखळतात.

पहिली म्हणजे आकड्याचं माप. क्रोममध्ये १०० म्हणजे एक पूर्ण कोअर (प्रोसेसरमधला काम करणारा एक गाभा). विंडोजमध्ये १०० म्हणजे सगळे लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या वाटा) मिळून. तुमचा प्रोसेसर ८ थ्रेडचा असेल तर क्रोममधले ४० म्हणजे विंडोजमधले ५. त्यामुळे विंडोजमध्ये 'फक्त १२ टक्के' दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. ८ थ्रेडच्या मशीनवर १२ टक्के म्हणजे एक कोअर जवळजवळ पूर्ण वेळ जुंपलेला आहे, आणि पंखा फिरायला तेवढं पुरतं.

दुसरी म्हणजे निनावी ओळ. कधी एक्स्टेन्शनच्या नावाऐवजी 'सर्व्हिस वर्कर' (एक्स्टेन्शनचा पडद्यामागे काम करणारा भाग) आणि पुढे ३२ अक्षरांची निरर्थक वाटणारी माळ दिसते. ती एक्स्टेन्शनची ओळख असते. 'मॅनेज एक्स्टेन्शन्स' पानावर उजवीकडे वरचं 'डेव्हलपर मोड' बटण चालू केलं की प्रत्येक एक्स्टेन्शनखाली त्याची माळ दिसू लागते. पहिली पाच-सहा अक्षरं जुळवली तरी काम भागतं.

एक्स्टेन्शनच्या ओळीसमोर शून्य आहे. म्हणजे ते निर्दोष ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

एक्स्टेन्शनचे बहुधा दोन भाग असतात. एक पडद्यामागचा, जो स्वतःच्या ओळीत दिसतो. दुसरा म्हणजे कंटेंट स्क्रिप्ट. ही तुम्ही उघडलेल्या प्रत्येक पानात टोचली जाते आणि त्या टॅबच्या प्रोसेसमध्येच चालते. तिने खाल्लेला सीपीयू ब्राउझरच्या टास्क मॅनेजरमध्ये टॅबच्या नावावर जमा होतो. मग तुम्ही म्हणता, 'ही बातम्यांची साइटच जड आहे', आणि टॅब बंद करता. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

शिवाय ही स्क्रिप्ट टॅबागणिक वेगळी चालते. एक्स्टेन्शनला सगळ्या साइट्सची परवानगी असेल आणि तुमचे ४० टॅब उघडे असतील, तर तिच्या ४० प्रती. त्यातही लेखकाने ती पानातल्या प्रत्येक फ्रेममध्ये (पानाच्या आत बसवलेल्या छोट्या पानात) चालवायचं ठरवलं असेल, तर जाहिरातींच्या दहा फ्रेम असलेल्या एका पानावर अकरा प्रती.

ओळखायची पद्धत अशी. ज्या पानाचा आकडा जास्त दिसतो ते पान इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे तुम्ही मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेन्शन चालत नाहीत. लॉगिन, स्क्रोल, व्हिडिओ सगळं दोन्हीकडे सारखं ठेवा. दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा, कारण झाकलेल्या टॅबचं काम ब्राउझर स्वतःच कमी करतो आणि तुलना फसते. साध्या खिडकीत २५ आणि इन्कॉग्निटोत ३ दिसले तर पान निर्दोष आहे. दोन्हीकडे २५ दिसले तर दोष पानाचाच. थेट धावफलक दाखवणारी, आपोआप व्हिडिओ चालवणारी पानं तशी असतातच, तिथे एक्स्टेन्शनला बोल लावून उपयोग नाही.

मी काहीच करत नसताना त्याला काम तरी कसलं असतं?

कारणं बरीच आहेत, पण नेहमीची थोडीच.

सर्वात जास्त आढळतं ते पोलिंग: दर दोन-पाच सेकंदांनी सर्व्हरला विचारणं, 'नवीन मेल आलं का? भाव बदलला का? स्कोअर किती?' एकेक विचारणा क्षुल्लक असते. तोटा वेगळ्याच ठिकाणी होतो. काम नसलं की प्रोसेसर खोल झोपेच्या अवस्थेत जातो आणि वीज वाचते ती तिथेच. सारखं टोचून उठवलं की त्याला त्या खोल अवस्थेपर्यंत पोहोचताच येत नाही. म्हणून सीपीयूचा आकडा २-३ टक्के दिसत असूनही बॅटरी झपाट्याने उतरते. मॅकवर 'अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर'मध्ये 'आयडल वेक अप्स' असा रकानाच आहे. विंडोजवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा 'स्लॅश एनर्जी' जोडून इंग्रजीत चालवा. ती ६० सेकंद मशीनचं निरीक्षण करते आणि अहवालाची फाइल बनवते. त्या मिनिटात कीबोर्डला हात लावायचा नाही.

दुसरं कारण म्हणजे पानावरच्या प्रत्येक बदलाची दखल घेणं. स्पेलिंग तपासणारी, भाषांतर करणारी, कूपन शोधणारी, पान काळं करणारी एक्स्टेन्शन पानाचा मजकूर बदलला की पुन्हा वाचायला घेतात. ती नीट लिहिलेली असतील तर फक्त बदललेला तुकडा तपासतात. नसतील तर अख्खं पान. व्हॉट्सअ‍ॅप वेब, चॅट, शेअर बाजाराचा तक्ता अशी पानं सतत बदलत असतात. तुम्ही चहा घ्यायला गेलात तरी हा उद्योग सुरूच.

तिसरं कारण नेट गेल्यावर दिसतं. ब्रॉडबँड तुटलं की एक्स्टेन्शन सर्व्हरशी जोडायचा प्रयत्न करतं, अपयश येतं, लगेच पुन्हा प्रयत्न. दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत न्यायला हवं, पण घाईत लिहिलेल्या कोडमध्ये ते नसतं. पावसाळ्यात केबल तुटून नेट गेलेलं असताना पंखा मात्र जोरात, हे कोडं बहुधा असं सुटतं. वायफाय दोन मिनिटं बंद करून आकडा पाहिला की लगेच कळतं.

अ‍ॅनिमेशनचाही वाटा असतो. नव्या टॅबवर हलतं चित्र, घड्याळ, हवामान दाखवणारी एक्स्टेन्शन बहुधा 'जीपीयू प्रोसेस' (पडद्यावरचं चित्र काढण्याचं काम) या ओळीचा आकडा वाढवतात. एक्स्टेन्शनची ओळ तेव्हा निवांत दिसते. आणि दोन जाहिरातरोधक किंवा दोन व्याकरण तपासनीस एकत्र ठेवले तर एकाने केलेला बदल दुसऱ्याला नवा मजकूर वाटतो, दुसऱ्याचा पहिल्याला. एका कामाला एकच ठेवा.

ब्राउझर झाकलेल्या टॅबना लगाम घालतो असं वाचलं. मग हे कसं चालतं?

घालतो. क्रोममध्ये झाकलेल्या टॅबमधले टाइमर सेकंदाला एकदाच चालू दिले जातात. जानेवारी २०२१ च्या ८८व्या आवृत्तीपासून पाच मिनिटं झाकलेल्या आणि आवाज नसलेल्या टॅबना मिनिटाला एकदाच संधी मिळते. पण हा लगाम टाइमरला आहे. सर्व्हरकडून माहिती येऊन पान बदललं की त्यावर नजर ठेवणारा कोड तेव्हाही जागा होतो. आणि समोर उघड्या असलेल्या टॅबला लगाम नाहीच, मग तुम्ही खुर्चीत असा वा नसा. म्हणून जेवायला जाताना कोरा टॅब समोर आणून ठेवणं किंवा खिडकी मिनिमाइझ करणं हा साधा उपायही लागू पडतो.

मॅनिफेस्ट व्ही३ (एक्स्टेन्शन लिहिण्याची क्रोमची नवी पद्धत) आल्यावर हा प्रश्न मिटला म्हणतात, खरं का?

निम्मा मिटला. जुन्या पद्धतीत एक्स्टेन्शनचं पडद्यामागचं पान ब्राउझर उघडल्यापासून बंद होईपर्यंत जिवंत राहू शकत असे. नव्या पद्धतीत त्याच्या जागी सर्व्हिस वर्कर आला. ३० सेकंद काम नसलं की क्रोम तो बंद करतो आणि काम आलं की उठवतो. २०२४-२५ मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंदही केली.

पळवाटा आहेतच. काही एक्स्टेन्शन दर वीस-पंचवीस सेकंदांनी स्वतःलाच काहीतरी फुटकळ काम देऊन जागी राहतात. क्रोमच्या ११६व्या आवृत्तीपासून वेबसॉकेटवर (सर्व्हरशी उघडी राहणारी जोडणी) बोलणं चालू असेल तर वर्कर जिवंत ठेवला जातो. आणि कंटेंट स्क्रिप्टला तर हा ३० सेकंदांचा नियम लागूच नाही. त्यामुळे जड एक्स्टेन्शनचा जडपणा आता टॅबच्या ओळीत अधिक दिसतो.

तपासताना एक चकवा लक्षात ठेवा. सर्व्हिस वर्करच्या नावावर क्लिक करून डेव्हलपर टूल्स उघडी ठेवली की तो वर्कर बंदच होत नाही. 'हा तर कायम चालू आहे' असा निष्कर्ष काढण्याआधी ती खिडकी बंद करा.

माझ्याकडे सोळा एक्स्टेन्शन आहेत. एकेक बंद करून पाहायचं?

एकेक नको, अर्धी-अर्धी करा. आठ बंद करा, ब्राउझर पुन्हा सुरू करा, तीच पानं उघडा, तीन मिनिटं आकडा पाहा. उतरला तर दोषी बंद केलेल्या आठांत, नाहीतर उरलेल्या आठांत. मग चार, मग दोन, मग एक. सोळांतून एक शोधायला चार फेऱ्या लागतात, वीस मिनिटांचं काम.

ब्राउझर पुन्हा सुरू करणं गाळू नका. एक्स्टेन्शन बंद केलं तरी आधी उघडलेल्या टॅबमध्ये टोचलेली स्क्रिप्ट टॅब रिफ्रेश होईपर्यंत राहू शकते. 'बंद करून पाहिलं, फरक नाही' असं सांगणाऱ्यांचं पुष्कळदा इथेच चुकलेलं असतं. दोन एक्स्टेन्शन एकमेकांशी भांडत असतील तर अर्धं करताना ती वेगळी पडतात आणि दोन्ही निर्दोष भासतात. आकडा दोन्ही गटांत उतरला तर असाच संशय घ्यायचा.

सापडलं. पण ते मला लागतं. काढायचंच का?

काढायच्या आधी त्याची हद्द कमी करा. एक्स्टेन्शनच्या 'डिटेल्स'मध्ये 'साइट अ‍ॅक्सेस' हा पर्याय आहे: 'ऑल साइट्स', 'स्पेसिफिक साइट्स', 'ऑन क्लिक'. भाषांतर, स्क्रीनशॉट, कूपन, पीडीएफ यांना 'ऑन क्लिक' पुरतं. मराठी टायपिंगचं एक्स्टेन्शन फक्त मेल आणि एक-दोन साइटवर लागत असेल तर तेवढ्याच नोंदवा. खरं तर विंडोजमधला मराठी कीबोर्ड चालू केला तर त्या एक्स्टेन्शनची गरजच संपते. जाहिरातरोधकाला मात्र सगळ्या साइट्स द्याव्याच लागतात, आणि तो खातो त्यापेक्षा जास्त वाचवतो. जाहिरातींचे व्हिडिओ आणि स्क्रिप्ट न चालल्याने पान हलकं होतं. 'एक्स्टेन्शन वाईट' म्हणून जाहिरातरोधक काढणारे उलट पंखा वाढवून घेतात.

सहा महिन्यांत ज्याचं बटण दाबलेलं नाही ते काढून टाका. लागलं तर पुन्हा घालायला अर्धा मिनिट लागतो.

ब्राउझर बंद केला तरी त्याच्या प्रोसेस चालूच दिसतात.

क्रोममध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम' इथे जाऊन क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीवर अ‍ॅप चालू ठेवण्याचा पर्याय बंद करा. एजमध्ये 'सिस्टिम अँड परफॉर्मन्स'खाली असे दोन पर्याय आहेत: 'स्टार्टअप बूस्ट' आणि बंद केल्यानंतरही एक्स्टेन्शन चालू ठेवण्याचा. जुन्या मशीनवर दोन्ही बंद केलेले बरे. एज वापरतच नसाल तरी हे करा, कारण तो न उघडताही हजर असू शकतो.

फायरफॉक्समध्ये कसं पाहायचं?

मेनूतून 'मोअर टूल्स', 'टास्क मॅनेजर'. फरक असा की फायरफॉक्स सगळी एक्स्टेन्शन एकाच प्रोसेसमध्ये चालवतो, त्यामुळे 'एक्स्टेन्शन्स' या ओळीचा आकडा सगळ्यांचा मिळून असतो. कोण जबाबदार हे अर्ध्या-अर्ध्याच्या पद्धतीनेच शोधा. 'हेल्प'मधला 'ट्रबलशूट मोड' सगळी एक्स्टेन्शन एकदम बंद करतो, पण तो हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशनही (चित्र-व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडे देण्याची सोय) बंद करतो. त्या मोडमध्ये व्हिडिओ लावून तुलना केलीत तर आकडा उलट चढलेला दिसेल.

आमचं सीएचं ऑफिस आहे. डिजिटल सहीमुळे मशीन जड होतं का?

होऊ शकतं, आणि ते ब्राउझरच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसणार नाही. जावा प्लगइन गेल्यापासून सहीचं काम संगणकावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे आलं, जसं जीएसटी पोर्टलसाठीचं एमसाइनर. पोर्टलचं पान त्या प्रोग्रामशी संगणकाच्या आतल्याआत बोलतं. शिवाय प्रत्येक कंपनीच्या यूएसबी टोकनचा (सही साठवलेलं, पेनड्राइव्हसारखं उपकरण) ड्रायव्हर आणि टोकन लावलं-काढलं यावर लक्ष ठेवणारा प्रोग्राम वेगळा. दहा अशिलांची टोकन वापरणाऱ्या ऑफिसात एकाच मशीनवर तीन-चार कंपन्यांचे असे पहारेकरी एकदम चालू असतात.

टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप अ‍ॅप्स'मध्ये त्यांची नावं शोधून 'डिसेबल' करा आणि सहीच्या दिवशी हाताने सुरू करा. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या (जीएसटी विवरणपत्रांच्या मुदतीच्या) आसपास कोणी हात लावू नये हे वेगळं सांगायला नको! ज्या टोकनांची मुदत संपली, त्यांचे ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा. सहीचं काम झाल्यावर घड्याळाजवळच्या चिन्हावर उजवं क्लिक करून प्रोग्राम 'एक्झिट' करा, नुसता मिनिमाइझ नको.

आपले सरकार सेवा केंद्र किंवा बँक मित्राच्या मशीनवर अंगठ्याच्या उपकरणाची आरडी सर्व्हिस (उपकरण आधारच्या पानाशी जोडणारा प्रोग्राम) असते. ती ११,१०० ते ११,१२० या पोर्टांपैकी (संगणकाच्या आतल्या क्रमांकित दारांपैकी) एकावर ऐकत बसते आणि आधारचं पान एकेका पोर्टला विचारून तिला शोधतं. उपकरण बदललं असेल आणि जुन्या कंपनीची सेवा तशीच पडून असेल तर ती काढून टाका. दोन सेवा एकत्र असल्या की उपकरण 'सापडत नाही' ही तक्रारही येते.

एक्स्टेन्शन काढायला गेलो तर 'रिमूव्ह' बटणच नाही. काढलं तरी पुन्हा येतं.

परत येत असेल तर आधी सिंक पाहा. घरच्या आणि ऑफिसच्या क्रोममध्ये एकच गूगल खातं असेल तर घरी मुलांनी टाकलेलं एक्स्टेन्शन ऑफिसात उगवतं. सिंकच्या सेटिंगमध्ये 'एक्स्टेन्शन्स' बंद करा.

बटणच नसेल आणि मेनूच्या तळाशी 'तुमची संस्था व्यवस्थापन करते' अशा अर्थाची ओळ असेल तर ते धोरणाने लादलेलं आहे. ऑफिसचं मशीन असेल तर आयटीवाल्यांना विचारा. घरचं असेल आणि संस्था कोणतीच नसेल, तर फुकट सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या कोणीतरी ते रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) लिहिलंय. अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोमचं पॉलिसी पान उघडून 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' अशी नोंद दिसते का पाहा. दिसली तर आधी अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा, मग रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवून 'पॉलिसीज'खालची क्रोमची नोंद पुसा. हात कापत असेल तर हे जाणकाराकडून करून घ्या.

माझ्या मशीनवर कोणी गुपचूप क्रिप्टो तर काढून नाही राहिला?

अशक्य नाही, पण हल्ली तो पहिला संशय नसावा. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या कॉइनहाइव्ह या सेवेमुळे वेबपानांतून मोनेरो हे आभासी चलन काढण्याची लाट आली. ती सेवा मार्च २०१९ मध्ये बंद पडली. क्रोमच्या स्टोअरने नाणी काढणारी एक्स्टेन्शन एप्रिल २०१८ पासून घेणं थांबवलं. खूण अशी: आकडा उसळत नाही, एकसारखा चढलेला राहतो, अनेक कोअर एकदम भरतात, आणि टास्क मॅनेजर उघडला की काही वेळा लगेच उतरतो.

जास्त धोका आहे तो विकल्या गेलेल्या एक्स्टेन्शनचा. 'द ग्रेट सस्पेंडर' हे टॅब झोपवणारं लोकप्रिय एक्स्टेन्शन मालक बदलल्यानंतर गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये मालवेअर म्हणून काढलं. आज त्या कामासाठी वेगळं काही लागतच नाही; क्रोमच्या 'परफॉर्मन्स' सेटिंगमध्ये 'मेमरी सेव्हर' आणि 'एनर्जी सेव्हर' आहेत. लॅपटॉपवर एनर्जी सेव्हर सहसा बॅटरी २० टक्क्यांवर आली की सुरू होतो. चार्जर काढताच सुरू होणारा पर्याय निवडा.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे जास्त का जाणवतं?

लॅपटॉपचा पंखा बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा आणू शकत नाही. समजा एखाद्या भाराने प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ४५ अंश वर जातो. डिसेंबरात खोली २५ अंश असेल तर प्रोसेसर ७०. मे महिन्यात बाहेर ४५ आणि खोलीत ४० असताना तोच प्रोसेसर ८५. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. म्हणजे जे एक्स्टेन्शन हिवाळ्यात जाणवतही नाही, ते उन्हाळ्यात मशीनला त्या उंबरठ्यापाशी नेऊन ठेवतं आणि एक्सेलची मोठी फाइल उघडली की सगळं रांगू लागतं. बॅटरीलाही उष्णता मानवत नाही. ४५ अंशांवर चार्जिंग करणं तिचं आयुष्य कमी करतं.

डेझर्ट कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. हवा गार असते खरी, पण ओली असते. धूळ त्या ओलाव्याने पंख्यामागच्या पात्यांवर चिकटते आणि तिचा नमदा बनतो. जून उजाडेपर्यंत हवा जायची वाटच बुजते. कूलर खोलीत असू द्या, लॅपटॉप बाजूला.

बिलात फरक पडतो का?

घरी एका मशीनला नगण्य. जादा १० वॉट, दिवसाला ८ तास, महिन्याला २६ दिवस धरले तर साधारण २ युनिट. पण २५ मशीनच्या संगणक वर्गात तेच ५२ युनिट होतात, आणि एसी असेल तर ती उष्णता बाहेर फेकायची वीज वेगळी. वर्गात मुलांना एक्स्टेन्शन टाकूच देऊ नका. क्रोमच्या 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल ब्लॉकलिस्ट' धोरणात तारांकन लिहिलं की सगळी बंद होतात. लागणारी दोन-तीन 'अलाउलिस्ट'मध्ये टाका.

मोबाइलवरही असंच होतं का?

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्समध्ये चालतात, तिथे वरचेच नियम.

मी इंजिनीअरिंगला आहे, एक्स्टेन्शन लिहितो. काय सांभाळू?

वेळ मोजायला 'सेटइंटरव्हल' ऐवजी अलार्म वापरा. क्रोम १२० पासून त्याची किमान मुदत ३० सेकंद आहे. तीही बहुतेक कामांना जास्तच घाईची आहे, मेल तपासायला पाच मिनिटं पुरतात. जोडणी तुटली तर पुढच्या प्रयत्नाआधी १ सेकंद, मग २, ४, ८ असं अंतर दुप्पट करत न्या आणि काही मिनिटांवर थांबवा. म्युटेशन ऑब्झर्व्हर अख्ख्या पानावर लावू नका, हवा तो घटक धरा, आणि काम झालं की डिस्कनेक्ट करा. आलेले बदल साठवून अर्ध्या सेकंदाने एकदाच तपासा. तुम्हीच पानात घातलेल्या घटकावर तुमचाच ऑब्झर्व्हर पुन्हा जागा होतो, हे चक्र नवशिक्यांच्या कोडमध्ये फार आढळतं; घालण्याआधी डिस्कनेक्ट, घातल्यावर पुन्हा जोडणी. मॅनिफेस्टमध्ये सगळ्या साइट्सऐवजी नेमक्या साइट्स लिहा. चाचणी आपल्या नव्या लॅपटॉपवर नको; घरातल्या जुन्या दोन कोअरच्या मशीनवर ४० टॅब उघडून करा.

एक्स्टेन्शनच्या लेखकाला तक्रार कळवायची तर काय लिहू?

'स्लो आहे' एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही. ब्राउझरची आणि एक्स्टेन्शनची आवृत्ती, कोणत्या पानावर, एक्स्टेन्शन चालू असताना आणि बंद असताना त्याच पानाचा सीपीयू आकडा, आकडा स्थिर की उसळणारा आणि किती सेकंदांनी, नेट बंद केल्यावर काय होतं, एवढं द्या. शक्य असेल तर डेव्हलपर टूल्सच्या 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये पानाला हात न लावता दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून जोडा. बँकेचं किंवा मेलचं पान उघडं असताना मात्र ते करू नका, रेकॉर्डिंगमध्ये पानाचे पत्ते आणि पडद्याची चित्रं जाऊ शकतात.